पागोटं मॉरिशसला गेलं

सुरतच्या लिंबायतमधल्या लोकांना एकदा नीट सांगून टाकावं म्हणून हे लिहितोय. मी मॉरिशसला गेलेलो नाही. माझी धाव इकडे पांडेसऱ्याची मिल, तिकडे धुळे जिल्ह्यातलं आमचं गाव, आणि एकदा लग्नानिमित्त कामरेज. तरी भाजी आणायला निघालो की गल्लीच्या तोंडाशी कुणीतरी विचारतंच, "काय नाना, बोट कधी लागली?" डाइंग मिलच्या कलर स्टोअरमध्ये सतरा वर्षं रंगांचे डबे सांभाळणाऱ्या, चाळिशी उलटलेल्या माणसाला हे विचारणं शोभतं का, तुम्हीच सांगा.

आणि हे सगळं कशामुळे, तर मी गॅस पेटवला म्हणून.

चहासाठी नाही. डफ शेकायला. आता डफ का शेकायचा हे ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडं मागून सांगतो. आम्ही खानदेशी. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी आमच्याकडे कानबाई बसते. नारळाला नथ, डोळे, साडी-चोळी असा साज चढवून देवी मांडायची, भाऊबंद जमवायचे, गव्हाचे रोट करून खायचे आणि सोमवारी सकाळी वाजतगाजत तिला तापीवर न्यायचं. आमच्या सगळ्या भावकीची कानबाई बापूंच्या, म्हणजे माझ्या वडिलांच्या काळापासून आमच्याच दोन खोल्यांत बसते. आणि ती बसली की दिवेलागणीला आमच्या घरची वही म्हटली जाते.

वही म्हणजे गाण्यातली गोष्ट. जुन्या चोपडीत लिहिलेली असते म्हणून वही. डफावर म्हणायची. आमची वही निंबा गाडीवानाची आहे. निंबा कापसाची गाडी घेऊन निघतो, बायको म्हणते आज तापी ओलांडू नका, हा ऐकत नाही, आणि गाडीबैलांसकट पुरात जातो. राहतं फक्त त्याचं लाल पागोटं, पाण्यावर तरंगणारं. बायको त्या पागोट्यामागून काठाकाठानं चालत सुटते. गावोगावच्या घाटावर विचारते, माझा धनी पाहिला का? बेचाळीस कडवी ती चालते. शेवटी पागोटं सुरतेपुढे समुद्रात जातं आणि ती काठावर उभी राहते. संपलं. दगडालाही पाझर फुटावा असं गाणं आहे.

बापू गेल्यापासून बारा वर्षं ही वही मी म्हणतो. मोठेपणा सांगत नाही, पण बापूंचा बाज मी जसाच्या तसा राखलाय. त्यांच्या शेवटच्या दोन वर्षांत त्यांच्यापुढे बसून शिकलो. त्यांच्यासारखीच संथ चाल, आणि प्रत्येक कडव्याच्या शेवटी छातीतून ओढून काढलेला तो हुंकार:

*तापीमाय वं तापीमाय, पागोटं गयं वाही*
*थडीथडीनं चालनू मी, धनी दिसना नाही… हंऽऽ… हंऽऽ… हं.*

या हुंकारात सगळं दुःख आहे. तो जमायला मला चार वर्षं लागली. चौऱ्याण्णवच्या प्लेगमध्ये अख्खी सुरत पळाली, तेव्हा लोकांनी पोरंबाळं उचलली, भांडी उचलली. मी आधी वही उचलली. (रेशनकार्ड राहिलं. त्याचा उल्लेख आमची सरला महिन्यातून दोनदा करते.)

माझी आई, सखुबाई, बहात्तर वर्षांची. वही सुरू झाली की तिसऱ्या कडव्याला तिचे डोळे मिटतात. सरला म्हणते झोपतात. मी म्हणतो, तंद्री लागते. शिवाय दर साली कानबाईच्या आठ दिवस आधीपासून आई मला रोज अडुळशाचा काढा करून देते. कडू जहर. पण मी एका घोटात पितो, कारण गायकाच्या गळ्याची काळजी घरात त्या एकाच बाईला आहे असं मला वाटायचं.

(वाटायचं, म्हणतोय. पुढे येईलच.)

तर गेल्या वर्षी, म्हणजे शहाण्णव साली, कानबाईला तीन आठवडे असताना सरलाचा धाकटा भाऊ आमच्याकडे येऊन उतरला. धर्मेंद्र. हा पोरगा तीन वर्षं मॉरिशसला एका कापडगिरणीत फिटर होता. करार संपला तसा आला. येताना बहिणीला परफ्यूम, भाच्यांना टोप्या, आणि मला, त्याच्या दाजींना, एक शर्ट आणला. शर्टावर नारळाची झाडं होती. मी कलर स्टोअरचा माणूस. त्या शर्टातला हिरवा पहिल्या धुण्यात जाणार हे मी बघताक्षणी सांगितलं. सरला दोन दिवस माझ्याशी बोलली नाही.

शर्टाचं सोडा. त्यानं आणखी एक वस्तू आणली होती, ती आल्या आल्या माझ्या बापूंच्या डफाशेजारच्या खिळ्याला टांगली. परातीएवढं लाकडी कडं, त्यावर बकऱ्याचं कातडं ताणलेलं. "दाजी, हा रावान," तो म्हणाला. "तिकडचा डफच समजा. हाही शेकूनच वाजवतात. तिकडं सेगा म्हणून गाणी असतात. पूर्वी गुलाम माणसं म्हणायची. मळ्यात राबायचं, मालकाचा मार खायचा आणि संध्याकाळी हे वाजवायचं."

"म्हणजे दुःखाची गाणी," मी म्हणालो. मला जरा बरं वाटलं.

"दुःखाचीच. पण नाचत म्हणतात."

"नाचत?"

"कंबर हलवून." आणि त्यानं हलवून दाखवली. माझ्या घरात. बापूंच्या फोटोसमोर.

त्यानंतर तीन आठवडे आमचं रोज वाजलं. मी म्हणायचो, दुःख हे बसून करायचं असतं. तो म्हणायचा, दाजी, बसून केलं की ते अंगावर बसतं. एकदा तर तो म्हणाला, "तुमची निंबाची वही सेगावर काय फक्कड बसेल." मी हातातला घास ताटात ठेवला आणि सांगितलं, माझ्या जिवात जीव आहे तोवर बापूंची वही कंबर हलवणार नाही. तो हसला. हा पोरगा भांडत नाही, हसतो. माणसाला यापेक्षा जास्त संताप कशानं येत असेल असं मला वाटत नाही.

आता तो रविवार. बायका सगळ्या बाहेर ओट्यावर, मोठ्या चुलीवर रोट करत होत्या. आतली शेगडी रिकामी. मी डफ उतरवला, बोट मारलं तर थप्प. श्रावणातली सुरतची हवा तुम्हाला माहीत आहे, पापडसुद्धा पोळीसारखा होतो, मग कातडं सैल पडणारच, आणि शेकल्याशिवाय ते ताणत नाही. बापू डफ शेकायचे तो सोहळा असायचा. अंगणात पाचट पेटवायचं, उकिडवं बसायचं, आणि अर्धा तास डफ फिरवत राहायचं. माझे गुडघे दुखतात. अंगणात बायकांची गर्दी. म्हटलं, आच ती आच. पाचटाची काय आणि गॅसची काय. बारीक ज्योत केली, शेगडीवर डफ ठेवला आणि तेवढ्या वेळात हुंकाराची तालीम करावी म्हणून बाहेरच्या खोलीत आरशासमोर उभा राहिलो.

पाचव्या हुंकाराला वास आला.

माझं नाक तरबेज आहे. मी तिथूनच ओरडलो, "अगं सरला, रोट करपला. लक्ष कुठंय तुमचं? देवीचं काम आहे, गप्पा नंतर मारा."

 ओट्यावरून सरलाचा आवाज आला, अगदी थंड. "रोट अजून लाटतोय आम्ही."

तेव्हा माझ्या डोक्यात प्रकाश पडला. आत धावलो. डफाच्या मधोमध पोळीएवढं भोक पडलं होतं, कडा काळ्या, आणि स्वयंपाकघरात चामड्याचा असा वास की कानबाईनं पाय ठेवला नसता. ज्या शेगडीशेजारी देवीच्या नैवेद्याची भांडी घासून ठेवलेली, त्या शेगडीवर मी चामडं जाळलं होतं. मागं वळलो तर दारात धर्मेंद्र. त्यानं शेगडीकडे पाहिलं, डफाकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि पुढे होऊन गॅस बंद केला.

तेवढ्यात पिठाच्या हातानं सरला आली. मी डफ पाठीमागे घेतला.

"कसला वास येतोय?"

"बाहेरून. टायर जाळतायत कुणीतरी."

"आणि मागे काय लपवताय?"

माणसाला सुचायला वेळ मिळाला तर तो काहीतरी बरं बोलतो. मला मिळाला नाही. मी म्हणालो, "डफ गं. उंदरानं खाल्ला."

आता हेच वाक्य मी धुळ्यात बोललो असतो, नाशकात बोललो असतो, तर कुणी मांजर आणलं असतं आणि विषय संपला असता. पण मी ते सुरतेत बोललो. प्लेगच्या दोन वर्षांनंतर. सरलाच्या तोंडचं पाणी पळालं. ती "उंदीर" एवढंच म्हणाली, पण ते इतक्या वरच्या पट्टीत की ओट्यावरच्या बायकांनी लाटणी टाकली. पाच मिनिटांत गल्लीभर झालं. कुणी गाद्या बाहेर काढल्या, कुणी पोरांना माळ्यावर चढवलं. एक जण गॅमेक्सिन पावडरचा डबाच घेऊन आला आणि आमच्या उंबऱ्यावर त्यानं पांढरी रेघ ओढली. वरच्या मजल्यावरून आमचे घरमालक मगनभाई काठी घेऊन खाली आले. "भाईदासभाई, उंदर क्यां छे? मरेलो छे के जीवतो?"

"जीवतो," मी म्हणालो. खोटं एकदा सुरू केलं की त्याला जगवावंच लागतं.

"मेलेला असता तर वाईट," गर्दीतून कुणीतरी म्हणालं. "प्लेगमध्ये आधी उंदीर मरतात."

"पण जिवंत असला तर पुढं मरेल ना," दुसरा म्हणाला. झालं. पुन्हा धावपळ.

मग काशिनाथअप्पा आले. अप्पा आमच्या भावकीतले थोरले. त्यांचा शब्द म्हणजे शब्द. त्यांनी उंबऱ्यावरच्या पांढऱ्या रेघेच्या बाहेर उभं राहूनच निकाल दिला. "भाईदास, जिथं उंदीर, तिथं रोट नाही. उचला चौरंग. कानबाई यंदा माझ्या घरी बसेल."

 चौतीस वर्षं आमच्याकडे बसलेली कानबाई एका भोकापायी निघून जाणार होती. ती गेली की दिवेलागणीची वही गेली. वही गेली की माझ्याकडे राहिलं काय? मिलमध्ये मला कुणी ओळखत नाही, तिथं मी फक्त 'ए स्टोअर' असतो. वर्षातून एक संध्याकाळ मी भाईदास असतो, बापूंचा मुलगा. आई देवीपाशी बसली होती. तिनं चौरंगाचा पाय हातानं घट्ट धरला. ते बघून मला खरंच रडू आलं.

खरं सांगावं तर पाप कबूल करायचं, देवीच्या दिवशी चामडं जाळल्याचं. न सांगावं तर देवी जाते. मी तोंड उघडलं, मिटलं, परत उघडलं.

"अप्पा, उंदीर-बिंदीर काही नाही," मागून धर्मेंद्र म्हणाला. "डफ माझ्या हातून जळला. मी गॅसवर ठेवला होता. मी ओरडा खाईन म्हणून दाजींनी उंदराचं नाव घेतलं."

सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय माया आहे, मेहुण्यासाठी खोटं बोलला, असं बायका आपसात म्हणाल्या. सरलाचे डोळे भरून आले. (लग्नाला सोळा वर्षं झाली, माझ्यामुळे पहिल्यांदाच.) अप्पांनी चामड्याची शुद्धी म्हणून गोमूत्र शिंपडायला सांगितलं आणि चौरंग जागच्या जागी राहिला.

पण आता पंचाईत बघा. पाहुण्यानं बापूंचा डफ जाळला, म्हणजे मी रागावायला नको का? सगळे वाट बघत होते. मी रागावलो. सुरुवातीला जरा जडच गेलं, पण मग सूर लागला. "अरे अकलेच्या कांद्या, गॅसवर डफ ठेवतात का? कुणी शिकवलं तुला हे? डोकं ठिकाणावर आहे का? बापूंनी तळहाताच्या फोडासारखा जपलेला डफ!" मनापासून बोललो. त्या मूर्ख माणसाचा मला खरोखरच संताप आला होता. धर्मेंद्र खाली मान घालून ऐकत राहिला. संपल्यावर हळूच माझ्या कानाशी म्हणाला, "बरोबर बोललात, दाजी. आता संध्याकाळी वाजवायचं कशावर?"

तो खिळ्याकडे बघत होता. खिळ्याला रावान होता.

"मी वाजवीन," मी म्हणालो.

"माझा रावान, माझा हात," तो म्हणाला. "नाहीतर उंदीर परत येईल."

याला काय म्हणायचं? तोंड दाबून बुक्क्यांचा मार. मी शेवटचा उपाय म्हणून अप्पांना गाठलं. म्हटलं, अप्पा, हा परक्या कुळातला. पाहुण्याला आपला रोट चालत नाही, मग वही कशी चालेल? अप्पा म्हणाले, "रोट खायचा असतो. वही काय तो खाणार आहे?" आणि रोटाकडे निघून गेले.

दिवेलागण झाली. कानबाई नथ घालून बसली, समया लागल्या, दोन खोल्या, ओटा आणि अर्धी गल्ली माणसांनी भरली. मगनभाई नेहमीसारखे दाराशी. ते दर साली येतात, दोन कडवी ऐकतात, "बहु सरस" म्हणतात आणि बातम्यांना वर जातात. धर्मेंद्रनं अंगणात जुनी वर्तमानपत्रं पेटवून रावान शेकला. उकिडवं बसून. अर्धा तास. मुद्दाम माझ्यासमोर.

मी त्याला बजावलं होतं, संथ वाजव. पहिलं कडवं त्यानं संथ वाजवलंसुद्धा. मी हुंकार घेतला. दुसरं कडवं, हुंकार. आईचे डोळे मिटू लागले. मला वाटलं, निभावलं. तिसऱ्या कडव्याला त्याचा हात हलला. धाड-धुम-धुमक, धाड-धुम-धुमक. मी माझ्या चालीत, तो त्याच्या. मी पागोट्यासकट प्रकाशा गावच्या घाटावर होतो, त्याचा ताल दोन गावं पुढे पोचला होता. मी हुंकाराला थांबलो, ताल थांबला नाही. थांबलेला मी एकटाच. पुढची ओळ पकडायला धावावं तर श्वास पुरेना. आणि माझा राहिलेला शब्द कुणी उचलला असेल? सरलानं. माझ्या बायकोनं. बारा वर्षं जी बाई मी वही म्हणताना भाजी निवडायची, तिला बेचाळीस कडवी पाठ होती. तिनं तुरीच्या डाळीचा डबा उचलला आणि खुळखुळ करत ती म्हणायला लागली:

*तापीमाय वं तापीमाय, पागोटं गयं वाही…*

तिच्यामागे ओट्यावरच्या सगळ्या बायका. लाटणी काय, पराती काय, जे हाताला लागलं ते वाजत होतं. मी हात वर करून थांबवायला गेलो, तर लोकांना वाटलं मीही नाचतोय. दोन जणांनी मला मध्ये ओढलं. मी संतापानं थरथरत होतो आणि ते थरथरणं, नंतर मला सांगण्यात आलं, अगदी तालात होतं.

मगनभाईंच्या बातम्या केव्हाच गेल्या. ते काठीनं ताल धरून बसले होते.

बेचाळिसावं कडवं आलं. पागोटं समुद्रात गेलं, बाई काठावर उभी. आता तरी संपेल म्हणून मी हात जोडले. तर या पोरानं त्रेचाळिसावं सुरू केलं. आमच्या वहीत नसलेलं. बापूंनी न लिहिलेलं.

*समिंदरमा पागोटं गयं, लागनं बेटले जाई*
*नारयखाले बठेल धनी, म्हने "ये वं बाई"!*

म्हणजे पागोटं मॉरिशसला गेलं. आणि निंबा गाडीवान, जो पिढ्यान् पिढ्या बुडालेला होता, तो तिथं नारळाखाली जिवंत बसला होता आणि बायकोला बोलावत होता. बायकांनी असा गलका केला की समया हलल्या. ते कडवं नऊ वेळा झालं. आणि सातव्या वेळेला, देवाशप्पथ सांगतो, माझी बहात्तर वर्षांची आई चौरंगापासून उठली, पदर खोचला आणि नाचायला लागली.

मग मात्र माझा बांध फुटला. मी रावानवर हात ठेवला. "बंद करा. लाज वाटते का कुणाला? ही बापूंची वही आहे. विधवा बाईचं दुःख आहे हे. त्यांनी जिवापाड जपलेली चाल, तो हुंकार, सगळं मातीत घातलंत. आणि निंबा मेलाय. मेलेला माणूस मॉरिशसला जात नाही."

 सरला डाळीचा डबा छातीशी धरून म्हणाली, "अहो, बारा वर्षं चालवताय तिला नदीकाठानं. एकदा बसू द्या की तिला कुठंतरी."

 मी आईकडे वळलो. म्हटलं, निदान ही तरी माझ्या बाजूची. "आई, तू सांग यांना. बापू असे गायचे का?"

आई धापा टाकत होती. तोंड लाल झालं होतं. "काबरं तापी राहिना इतला?" ती म्हणाली. इतका का तापतोस. "तुना बाप असाच गाये. यानापेक्षा बी जोरमा. बाया नाची नाची दमी जायेत. रडाले काय, ते तर घरोघर शे."

"मग ती संथ चाल? मला शिकवलेली?"

"ते शेवटला दोन वरीस. त्याले दमा व्हता रे भो. जोरमा म्हणता येयेना."

 "आणि तो हुंकार?"

"कसाना हुंकार? कडवं सरे अन् त्याना दम भरी ये. खोके बिचारा."

कुणी हसलं नाही. हसले असते तर बरं झालं असतं. बारा वर्षं मी भाऊबंदांसमोर, देवीसमोर, डोळे मिटून माझ्या बापाचा खोकला म्हणत होतो. तोही चार वर्षं तालीम करून. आई जवळ आली, माझ्या पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "माले वाटनं, तुले बी बापना दमा लागना. म्हणीसन तर दर साल काढा देस."

मगनभाईंनी विचारलं, "बा शुं कहे छे?" सरलानं त्यांना गुजरातीत समजावलं. अगदी सविस्तर. ते मान हलवत राहिले आणि मग म्हणाले, "भाईदासभाई, बहु सरस खांसी हती."

सोमवारी कानबाई तापीवर निघाली, ती त्याच तालावर. नदीत तिला शिरवताना, म्हणजे विसर्जन करताना, धर्मेंद्रनं त्रेचाळिसावं कडवं परत म्हटलं आणि काशिनाथअप्पांनी तिथंच, गुडघाभर पाण्यात उभं राहून, ते वहीत लिहून घ्यायला सांगितलं. अक्षर माझं चांगलं म्हणून लिहिलंही मीच. संतापानं पेन दोनदा कागद फाडून पलीकडे गेलं.

वही आता सरला म्हणणार, वाजवणार धर्मेंद्र. मला वाटलं होतं, आपल्याला वगळलं. पण नाही. अप्पांनी सगळ्यांपुढे सांगितलं की बापूंची आठवण म्हणून तो हंऽऽ राहू द्यायचा, आणि तो भाईदासनंच घ्यायचा, कारण त्याच्यासारखा कुणाला येणार नाही. धर्मेंद्रनंही मान डोलवली. म्हणाला, तुमच्या गाण्यात तेवढी एकच गोष्ट पहिल्यापासून सेगाची होती, दाजी; दमलेल्या माणसाचा श्वास. जड अंतःकरणानं का होईना, मी हो म्हणालो. परंपरा आहे शेवटी.

परवा पुन्हा श्रावण लागला. आईनं अडुळसा निवडून काढा उकळला. मी पेला पुढे केला, इतक्यात आतून धर्मेंद्र घाईघाईनं आला आणि त्यानं तो माझ्या हातातून काढून घेतला.

"आई, यंदा दाजींना काढा देऊ नका," तो म्हणाला. "घसा साफ झाला तर खोकला बिघडेल."